मागितल्याशिवाय द्यायचं नाही

लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण कमळाकरने मला भामा म्हणून कधी हाक मारली नाही. मी बोलताना अडखळते, म्हणून मी तोतरी. कोन गावातल्या आमच्या घरी पाहुणे आले की हा मला मुद्दाम ओटीवर बोलवायचा. "तोतरे, कुठं गेलतीस ते सांग यांना." मी "प... प... पनवेल" करेपर्यंत माणसं हसून लोळायची.

आमच्या मुलाच्या, प्रणितच्या हळदीला धवलारणींनी, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बायकांनी, मला शेजारी बसायला बोलावलं. हा भर मांडवात ओरडला, "तिला नको, हलद सुकंल!" माझी आई धवलारीण होती. गाताना माझा एक शब्द अडत नाही. हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण त्याने कधी ऐकूनच घेतलं नव्हतं. त्याच दिवशी मी ठरवलं, तोंड उघडूनही शब्द न निघण्याची लाज याला एकदा दाखवायची. चारचौघांत.

देवानेच सोय केली. शिमग्याच्या आधी त्याला मेंदूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि जिभेवर एकच शब्द उरला, "आयला." पाणी हवं, आयला. पंखा लाव, आयला. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं.

नवीन पनवेलला बोलण्याचे उपचार करणाऱ्या निशा मॅडमनी प्लास्टिकचा मेंदू हातात घेऊन समजावलं. डाव्या बाजूला, कपाळामागे, शब्द जुळवणारी जागा असते. तिचा रक्तपुरवठा तुटला होता. "त्यांना कळतं बहुतेक सगळं, फक्त बाहेर येत नाही," त्या म्हणाल्या. बाई, हे मला सांगता? गिळण्यावरचा ताबाही गेला होता. पातळ पाणी छातीत उतरून न्यूमोनिया व्हायचा, म्हणून पावडर घालून दाट करायचं आणि चमच्याने पाजायचं.

"आणि चालीवर शिकवा," मॅडम म्हणाल्या. "चालीचं काम बरंचसं उजवी बाजू सांभाळते, ती त्यांची शाबूत आहे. काही हवं असेल तर लगेच देऊ नका, मागायला लावा. घरात कोणी गाणारं आहे?"

"म... म... मी," मी म्हटलं. कमळाकरने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी धवल्याच्या, म्हणजे आईच्या लग्नगाण्याच्या, चालीवर ओळ बांधली, "भामाबाय, मना पानी द्या." त्याचा डावा हात धरून मांडीवर ठेका द्यायचा आणि गायचं. माझा गळा ऐकून तो आधी थक्क झाला. मग शब्द कळले तेव्हा डोळे लाल झाले. "आयला!" मी वाटी धरून बसून राहिले. डॉक्टरीण बाईंचा हुकूमच होता, मला आणखी काय हवं? शेवटी पाजत होते, त्याला मारायचं नव्हतं मला. असा लवकर सुटू द्यायचा नव्हता. सतराव्या दिवशी "भा" आला. दोन महिन्यांनी अख्खी ओळ आली. दुसरी मी शिकवलीच नाही.

मग माणसं बोलावली. रविवारी सकाळी जगन आला, ओटीवर सगळ्यांत मोठ्याने हसणारा त्याचा दोस्त, आणि मागून ते नेहमीचे पाच-सहा. मी वाटी समोर धरली. कमळाकरने माझ्याकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. तहान लागली होती. मांडीवर ठेका धरून, घामाघूम होत तो गायला, "भा... मा... बाय, मना... पानी... द्या."

कोणीही हसलं नाही. जगनने तर डोळे पुसले. "शेट, वाघ हाय तू, वाघ!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी अडखळले की तोतरी, आणि हा अडखळला की वाघ!

मग मीच हसले. एकटी, मोठ्याने, पोट दुखेपर्यंत.

"वयनी, लाज नाय वाटत? आजारी मानूस हाय तो," जगन म्हणाला.

मी थांबले नाही. टाळ्या बंद पडल्या. कमळाकरचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, ओठ थरथरले, पण "आयला" सुद्धा निघेना. त्याने मान खाली घातली. मान खाली असली की घोट बरोबर जातो. मी पहिला चमचा त्याच्या तोंडात घातला.