पासवर्डचा दुसरा अर्धा

रक्तपेढीत तिला सगळे किल्लीबाई म्हणत. रक्तदात्यांच्या यादीचा बॅकअप संगणक रोज आपोआप घ्यायचा आणि कुलूपबंद करून ठेवायचा. त्याचा पासवर्ड कुठेही लिहायचा नाही, हा तिचे वरिष्ठ अण्णा यांचा दंडक. अर्धा त्यांच्या डोक्यात, अर्धा हिच्या. बॅकअप उघडताना दोघांनी टाकायचा. एक टाइप करत असताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं. "बायकोलासुद्धा सांगितला नाही," असं अण्णा मिरवत. मग एका दुपारी अण्णा जेवता जेवता गेले, आणि त्यांचा अर्धाही गेला. नवा पासवर्ड करा, असं तिने साहेबांना कानीकपाळी ओरडून सांगितलं. साहेब म्हणाले, "बघू."

आज संगणक बंद पडला, यादी पुसली गेली. आणि आजच वरच्या मजल्यावरच्या प्रसूतिगृहात तिची धाकटी बहीण बाळंत झाली. रक्त थांबेना, आणि गट हजारात एखाद्याचा. त्या गटाची माणसं फक्त बॅकअपमध्ये.

"काहीतरी करा हो," साहेब म्हणाले. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

तिने आपला अर्धा टाकला. दुसरी चौकट रिकामीच. काही सुचेना, तेव्हा तिने सवयीने भिंतीकडे तोंड केलं, साहेबांनाही वळवलं.

मागे कीबोर्डची कळ वाजली. मग दुसरी. एका बोटाने, रमतगमत, अण्णांसारखी. आवाज थांबल्यावर तिने वळून पाहिलं. खुर्चीत कोणी नव्हतं आणि यादी उघडली होती.

दाता धावत आला. बहीण वाचली.

वापरलेला पासवर्ड बदलायचाच, हाही अण्णांचाच नियम. या वेळी दुसरा अर्धा साहेब घेणार होते. पण त्यांची चौकट आधीच ठिपक्यांनी भरलेली. पुसली, तर पुन्हा भरली. साहेबांना अचानक महत्त्वाचा फोन आठवला आणि ते सटकले.

ती एकटीच उरली. पुढच्या वेळी अण्णा आलेच नाहीत तर? कुणाची तरी बहीण वर पडलेली असेल. आणि त्या बिचाऱ्यांनी कुठवर कामावर यायचं?

"अण्णा," ती म्हणाली, "तुम्ही गेलात हो. मी आले होते पोचवायला."

मग ठिपके एकेक करून पुसले गेले, सावकाश, आणि चौकट रिकामी झाली. तेव्हा कुठे तिला अण्णांसाठी रडू आलं.