एउदोमारच्या मृत्यूचं कारण

डाव्या घोट्यावर दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी भाजली नव्हती. तिथे चपलेचा पट्टा होता. बाकीच्या पायावर पाण्याने भरलेले फोड होते आणि त्यांच्या कडा लाल होत्या. म्हणजे भाजल्यानंतर एउदोमार काही वेळ जिवंत होता. छातीत घुसलेले धातूचे तुकडे त्यानंतरचे.

पारियाच्या किनाऱ्यावरच्या या दवाखान्यात मी एकटीच डॉक्टर. एउदोमार होता ती होडी परदेशी विमानाने उडवली ते सगळ्या गावाने फोनवर पाहिलं होतं. कुणी तरी त्याला नाचाचं संगीतही जोडलं होतं. चित्रण पहिल्या स्फोटाशी संपत होतं. छातीतले तुकडे ज्या दुसऱ्या माऱ्याचे, तो त्यात नव्हता.

मृत्यूच्या दाखल्यात कारणाचा रकाना मी पाच दिवस कोरा ठेवला होता.

नगरपालिकेचा सचिव ओस्मुंदो आजही आला, कॉफीचा पेला हातात घेऊन.

"डॉक्टरीणबाई, 'बुडून' लिहा आणि मोकळ्या व्हा."

"फुफ्फुसांत पाणी नाही."

"फुफ्फुसं बघायला कोण येतंय? हत्या लिहिलीत तर प्रेत तपासासाठी शहरात जाईल, सहा महिने बर्फात. वर होडीत काय होतं ते विचारतील. सांगाल, मासे होते म्हणून?"

"काय होतं ते मला माहीत नाही. होडी फुटून पाण्यात पडलेल्या माणसाला मारायचं नाही, एवढं कायद्यात आहे."

"मग वाचून दाखवा ना विमानाला!" तो हसला आणि कॉफी भुरकली.

त्या भुरकण्याची मला शिसारी आली. माझी स्वतःचीही आली. पाच दिवस मी त्याचंच म्हणणं तोलत बसले होते.

एउदोमारची बायको युस्मेलिस दारात उभी होती. प्रेत घरी आल्याशिवाय तिला मृतासाठीची नऊ रात्रींची प्रार्थना सुरू करायची नव्हती.

"ताई, तो लगेच गेला ना?"

मी त्याच्या मनगटावरून सोडवलेला दोर तिच्यापुढे ठेवला. दुसऱ्या टोकाला पेट्रोलचा रिकामा कॅन होता.

तिने गाठीवरून बोट फिरवलं. "दातांनी ओढलीय. ही त्याचीच."

"हो."

"म्हणजे कुणी तरी काढेल म्हणून तरंगत होता."

"हो."

"अगं, ने आणि पुर त्याला," ओस्मुंदो म्हणाला. "आटप एकदाचं."

"तू गप रे, मेल्या!" ती माझ्याकडे वळली. "जाऊ दे त्याला शहरात. सहा महिने तर सहा महिने. तुम्ही कशासाठी थांबलात?"

मी पेन उघडलं.

"हत्या," मी म्हणाले. "हत्या लिहितेय."