शमशकची शोधकाठी

मित्रांनो, मला पाहून कुणी तंबूचा खांब म्हणतो, तर कुणी मासे पकडायची काठी. काल एका पाहुण्याने तर चक्क माझ्यावर ओला मोजा वाळत घातला! असू दे. मी एक जुनी शोधकाठी आहे. हिमकडा कोसळून माणूस गाडला गेला, की बर्फात टोचून टोचून त्याला हुडकायचे, हे माझे काम.

दूर देशीच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. हलक्या, पोकळ धातूचे तुकडे आणि त्यांच्या पोटातून ओवलेली एक दोरी, एवढाच माझा देह. दोरी खेचली की तुकडे खटाखट एकमेकांत बसतात आणि मी छताला टेकेन इतकी ताठ उभी राहते. काय तोरा होता तेव्हा माझा!

माहदुख्त खानमने, म्हणजे माहदुख्तबाईने, मला विकत घेतले आणि इराणच्या अल्बोर्झ डोंगरातल्या शमशक गावी आणले. ती बर्फातल्या वाटांवर माणसे न्यायची, आणि त्याआधी त्यांना शिकवायची. कधी पोते पुरून ठेवायची, कधी दगड, कधी फांदी, आणि डोळे मिटून मला टोचायला लावायची. दगडावर मी टणकन वाजते. मातीत माझे टोक जड होते. "आणि माणूस मऊ लागतो," ती म्हणायची, "जरा दबतो आणि परत वर येतो. हाताला ही ओळख आधीच व्हायला हवी. त्या वेळी विचार करायला सवड नसते. पाव तासाच्या आत माणूस बाहेर आला तर आपला."

पुढे तिचा गुडघा दुखावला आणि शिकवणी थांबली. मी कोठारात पडले. शरद ऋतूत तिचे मेहुणे मला घेऊन झाडावरचे अक्रोड झोडपायचे. हिरव्या सालींचा काळा चिकट रस माझ्या सांध्यांत सुकला. ज्या टोकाने माणूस शोधायचा, त्या टोकाने अक्रोड! मी मनातल्या मनात किती रडले म्हणून सांगू.

गुडघा जरा बरा झाला तेव्हा खानमने वर्ग पुन्हा सुरू केला. तिची भाची नियूशा शाळेची सुट्टी साधून पहिल्याच दिवशी हजर! तिने मला बाहीने पुसले, पण उघडून पाहिले नाही. सांधे तसेच राहिले. मला सांगता आले असते तर!

"नियूशा, ती शोधकाठी आहे, कबाबाची सळई नाही," खानम ओरडायची. "उताराला काटकोनात धर!"

"खाला, भूक लागली की मला सगळं कबाबच दिसतं!"

वर्गात आणखी दोघे होते, तेहरानचे जुने मित्र. निवृत्त मास्तर आगा फरामंद आणि दातांचे डॉक्टर मोहतशम. दोघे इतके अदबशीर, की चहाचा शेवटचा पेलासुद्धा एकमेकांकडे सरकवत गार करायचे.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी आम्ही डोंगरावरून परत येत होतो. सकाळी जी घळ निमूट पडली होती, तिच्यात वाऱ्याने दुपारभर नवा बर्फ आणून ओतला होता. खानमचा चेहरा बदलला. दुसरी वाट नव्हती.

"एका वेळी एकच," ती म्हणाली. "बाकीच्यांचे डोळे त्याच्यावर. तो पोचल्याशिवाय दुसरा पाय टाकणार नाही. कळलं?"

ती एकटी पलीकडे गेली, खडकाआड उभी राहिली आणि तिने हात हलवला.

"डॉक्टर, आधी आपण."

"छे छे, मास्तरांच्या पुढे पाऊल टाकू? इतका बेअदब वाटलो का?"

"मी तुमच्या पायाची धूळ. तुम्ही निघा."

"तुमचा जीव गेला तर मी घरी काय तोंड दाखवू? तुम्हीच आधी!"

"आता हे दोघं नौरोजच्या सणापर्यंत इथेच," नियूशा माझ्या कानाशी पुटपुटली.

शेवटी दोघे हसले. कुणीच मागे नको, कुणीच पुढे नको, म्हणून हातात हात घालून एकदमच निघाले.

"नाही! एकेक!" खानमची किंकाळी पलीकडून आली.

बर्फाच्या पोटात 'धुप्प' असा आवाज झाला. वर एक रेघ उमटली आणि अख्खा उतार हलला. मास्तर काठाला फेकले गेले. डॉक्टरांची लाल टोपी एकदा वर आली, दोनदा आली, मग दिसेनाशी झाली.

"कुठे दिसली शेवटची?" खानम वर नजर टाकत, लंगडत खाली येत होती. "सगळ्यांनी यंत्रं ऐकण्यावर घ्या!"

चौघांच्या गळ्यात छोटी यंत्रे होती. एरवी ती हाक देतात. शोधताना फिरवली, की दुसऱ्याची हाक ऐकतात. नियूशाने आपले फिरवले आणि टोपी बुडाली होती तिथून खाली पळत सुटली. आकडा कमी होत गेला. जवळ, आणखी जवळ! आणि यंत्राने तिला नेऊन उभे केले ते थेट मास्तरांसमोर. ते "डॉक्टर, डॉक्टर" करत सैरावैरा धावत होते आणि त्यांचे यंत्र अजून हाकाच देत होते.

"आगा, कृपा करून... जरा आपलं यंत्र..."

त्यांच्या कानात काही शिरेना. वेळ वितळत होता. मित्रांनो, ज्या देशात मोठ्यांसमोर पाय पसरत नाहीत, तिथे त्या पोरीने आजोबांच्या वयाच्या माणसाची कॉलर धरली.

"गप्प उभा राहा! यंत्र फिरव! नाहीतर मरेल तो!"

मास्तर थिजले. त्यांनी यंत्र फिरवले. आता एकच हाक उरली, क्षीण, खालून येणारी.

नियूशाने माझी दोरी खेचली. मी उघडले नाही! तो चिकट रस. माझा एक सांधा अडला होता. तिने दातांनी धरून पिळला, थुंकली, पुन्हा पिळला. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. खट्! मी ताठ झाले.

पहिल्यांदा माती. मग दगड. मग पुन्हा माती. हातभर सरकून तिने मला पुन्हा खाली दाबले.

मऊ.

जरासे दबले आणि परत वर आले. इतकी वर्षे पोती टोचली, अक्रोड झोडपले. पण हे तसे नव्हते, मित्रांनो, मुळीच नव्हते.

"लागलं! खाला, लागलं!" ती मला उपसायला गेली.

"काढू नकोस! तिथेच राहू दे! उताराच्या खालच्या बाजूने खणा!"

मी तशीच रुतून उभी राहिले. फावडी धाडधाड चालली. मास्तरांचे एक फावडे माझ्यावर बसले आणि मी वाकले, पण टोक हलू दिले नाही. आधी खांदा दिसला, मग निळे पडलेले तोंड. खानमने बोट घालून तोंडातला बर्फ काढला आणि श्वास फुंकला. एकदा. दोनदा. काहीच नाही. पुन्हा.

डॉक्टर खोकले.

"खानम," ते कसेबसे म्हणाले, "तुम्हाला... फार तसदी दिली..."

नियूशा खो खो हसायला लागली आणि हसता हसता ओक्साबोक्शी रडली. मग तिने मास्तरांची माफी मागितली. मास्तरांनी मान हलवली.

मी आता दुमडत नाही, म्हणून दाराशी उभी असते. मित्रांनो, थंडी सुरू होण्याआधी आपली अवजारे उघडून बघत जा, पुसत जा. अडलेला सांधा बर्फात कुणाची वाट पाहत नाही. आणि उतारासमोर कुणाचा मान राखायचा असेल, तर तो मागे थांबून, डोळ्यांत तेल घालून राखा.

या आठवड्यात नियूशाने नवी काठी आणली. अंगणात तिची दोरी दहा वेळा खेचून पाहिली. चकचकीत, तोऱ्यातली पोर! मी त्या नव्या काठीकडे पाहते आणि मनात एकच मागणे मागते: ती अशीच अंगणात म्हातारी व्हावी, आणि माणूस टोकाला कसा लागतो, हे तिला कधीच कळू नये.