एका दिवसापुरता दिलेला हातोडा

मी एक जुना हातोडा आहे. खिळे ठोकणारा नव्हे आणि भिंती फोडणाराही नव्हे. मित्रांनो, मी झाडांवर शिक्का मारणारा हातोडा आहे. वनखात्यात माझ्यासारखे हातोडे असतात. माझा शिक्का ज्या झाडावर बसला ते झाड तोडायला परवानगी मिळाली, असं समजतात. त्यामुळे माझी गोष्ट ऐकताना मी तुम्हांला फारसा आवडणार नाही. तरी ऐका.

मला कराडच्या एका लोहारानं घडवलं. माझ्या डोक्याची एक बाजू लहान कुऱ्हाडीसारखी धारदार आहे, झाडाची साल तासायला. दुसऱ्या बाजूवर तीन अक्षरं आणि एक आकडा कोरलेला आहे. ती अक्षरं माझ्या अंगावर उलटी आहेत, पण लाकडावर सुलटी उमटतात. लोहारानं मला पहिल्यांदा एका ओल्या फळीवर मारून पाहिलं आणि मान हलवली. तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. आपण कशासाठी जन्मलो आहोत, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागात नानासो नावाचे एक वनरक्षक होते. बावीस वर्षं मी त्यांच्या कमरेला होतो. कुणी आपल्या मालकीच्या जमिनीतलं झाड तोडायला अर्ज केला की नानासो मला घेऊन पायी जात. आधी झाडाभोवती फिरत. वर पाहत, घरटं आहे का. खाली पाहत, ओढा किती जवळ आहे. मगच साल तासून दोन ठोके मारत, एक छातीइतक्या उंचीवर आणि एक अगदी बुडाशी. बुडाशी कशासाठी? झाड कापून नेल्यावर जमिनीत जो बुंधा उरतो त्याला आमच्याकडे थुट म्हणतात. थुटावर शिक्का सापडला तर तोड कायद्याची, नाही तर चोरीची. नानासोंनी नाही म्हटलेली झाडं हो म्हटलेल्या झाडांपेक्षा जास्त होती. "उताराची झाडं न्हाई देत मी," एवढंच ते सांगत आणि चालू लागत. लाकडाचे ट्रक नाक्यावर थांबत, तिथला माणूस ओंडक्यांवर माझा शिक्का बघे आणि ट्रक सोडे. माझ्या शिक्क्यावर कुणी शंका घेत नसे. कारण तो नानासोंच्या हातचा असे.

नानासोंचं घर जांभूळखोंड नावाच्या वाडीत होतं. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा घरं आणि त्यांच्यावर उभा डोंगर. डोंगरावर जांभूळ, हिरडा, अंजनी, ऐन यांची दाटी. ते रान सरकारी नव्हतं, वाडीतल्याच लोकांच्या सामायिक मालकीचं होतं. वाडीला रस्ता नव्हता. खालच्या गावात जायला दोन तासांची पाऊलवाट होती. आजारी माणसाला डोलीत घालून न्यावं लागे. नानासोंच्या धाकट्या भावाची बायको चंद्राबाई बाळंतपणाला अडली, तेव्हा चौघांनी तिला डोलीतून नेलं. वाटेतला ओढा चढलेला होता. ओढ्याच्या अलीकडेच ती गेली. मूलही गेलं. मी त्या वेळी नानासोंच्या कमरेला होतो. डोली खाली ठेवल्यावर ते बराच वेळ तिच्या पायांवरचं कांबळं नीट करत राहिले.

त्यानंतर नानासोंनी रस्त्याचा ध्यास घेतला. अर्जावर अर्ज गेले. उत्तर ठरलेलं असे: वाट राखीव जंगलातून जाते, सबब परवानगी देता येत नाही. जंगल राखायचा नियम चांगलाच होता, नानासोंनी स्वतः तो आयुष्यभर पाळला होता. पण त्याच वर्षांत पलीकडच्या माथ्यावर एक मोठं हॉटेल झालं आणि हॉटेलपर्यंत डांबरी रस्ताही झाला. नानासो तो रस्ता आमच्या बाजूच्या कड्यावरून बघत उभे राहत.

आणि मग वीरधवल आला. तो सांगलीकडचा लाकडाचा ठेकेदार होता. बोलायला गोड, मोठ्यांना वाकून नमस्कार करणारा. वाडीच्या वरच्या उतारावरची साठ झाडं तोडायचा अर्ज त्यानं वाडीकरांच्या सह्यांनिशी मंजूर करून आणला होता. वरून हुकूमच आल्यामुळे त्या साठ झाडांवर नानासोंना माझे दोन-दोन ठोके मारावे लागले होते. एका सकाळी तो नानासोंच्या ओसरीवर बसला आणि म्हणाला, की ट्रकसाठी मला रस्ता काढावाच लागणार. तो मी मालकीच्या जमिनींतून फिरवून काढतो, म्हणजे कुणाच्या परवानगीचा प्रश्नच नाही. काम झाल्यावर रस्ता वाडीचा. फक्त एवढ्या खर्चाला साठ झाडं पुरत नाहीत. एक दिवस हातोडा माझ्या माणसांकडे राहू द्या.

नानासोंची बायको रंगूबाई दारात तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"आवं, त्या झाडांनी माती धरून ठेवलीया वर," ती म्हणाली. "ती गेली तर डोंगर कुणाच्या जिवावर उभा ऱ्हाईल?"

नानासो तिच्याकडे बघेनात. त्यांनी मला कमरेवरून सोडलं. त्यांच्या हाताला घाम होता, एवढं मला आठवतं.

"चंद्रा गेली तवा तूच म्हणली हुतीस ना, रस्ता असता तर," ते हळू आवाजात म्हणाले. आणि मला वीरधवलच्या पुढे ठेवलं. त्याची माणसं मला न्यायला तोड उरकल्यावर आली.

मित्रांनो, त्या दिवसाविषयी सांगताना मला अजून अवघड जातं. तोवर मी नेहमी उभ्या झाडाला भेटलो होतो. त्या दिवशी झाडं आधीच आडवी पडलेली होती. करवतीची यंत्रं तीन दिवस चालली होती. सगळा उतार ओल्या लाकडाच्या वासानं भरला होता. चार माणसं आळीपाळीनं मला ओंडक्यांवर मारत होती, विडी ओढत, गप्पा मारत. कुणी वर पाहिलं नाही, कुणी खाली पाहिलं नाही. बुडाशी शिक्का मारायचा तर प्रश्नच नव्हता. झाडं पाखरांनी सोडली होती, पण पाखरं डोंगर सोडून गेली नव्हती. ती वर घिरट्या घालत होती, बसायला जागा शोधत. संध्याकाळी मला परत दिलं तेव्हा माझी अक्षरं चिकानं भरून गेली होती.

रस्ता मात्र खरोखर झाला. वीरधवलच्या यंत्रांनी डोंगराचा पायथा तासून लाल मातीचा रुंद रस्ता काढला. त्या रस्त्यानं रुग्णवाहिका आली, गॅसची टाकी आली, शाळेत जाणाऱ्या पोरींसाठी जीप आली. पहिल्याच वर्षी दोन बाळंतिणी वेळेवर दवाखान्यात पोचल्या आणि बाळांसह परत आल्या. हेही खरंच आहे आणि ते मी लपवणार नाही. वाडीनं नानासोंना फेटा बांधला. त्याच महिन्यात ते निवृत्त झाले. फेटा बांधताना त्यांनी एकदा वर उघड्या डोंगराकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

त्यांच्या जागी क्रांती आली. ती फलटणकडची, पंचविशीतली वनरक्षक. तिनं जुनी नोंदवही वाचली, मला कमरेला लावलं आणि त्या उतारावर गेली. प्रत्येक थुटापाशी बसून तिनं माती बाजूला केली. साठ थुटांवर माझा शिक्का होता. चारशे अकरा थुटांवर नव्हता.

तिनं अहवाल लिहिला. वरून उत्तर आलं, की नाक्यावरून गेलेल्या प्रत्येक ओंडक्यावर खात्याचा अस्सल शिक्का होता, वाहतुकीचे परवाने बरोबर होते, जमीन मालकीची होती. प्रकरण बंद. तोडीची भरपाई म्हणून त्याच उतारावर दोन हजार रोपं लावायचं ठरलं. पाहुणे आले, फोटो झाले, एक हिरवा फलक उभा राहिला. घाईत बऱ्याच रोपांची प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढली नव्हती. उन्हाळ्यात रोपं वाळली. कागदावर ती अजून वाढत असतील.

पुढे एकेक गोष्ट घडू लागली. पाऊस नसतानाही झऱ्याचं पाणी तांबडं येऊ लागलं. विजेचा एक खांब ओढ्याकडे कलला. रंगूबाईच्या घराचं दार चौकटीत बसेना. सुतारानं तासून दिलं, दोन महिन्यांनी पुन्हा बसेना. वरच्या शेतात एक भेग पडली होती. आधी तिच्यात बोट जात असे, श्रावणापर्यंत हात कोपरापर्यंत जाऊ लागला. क्रांती दर आठवड्याला येऊन ती भेग मोजायची. एकदा तिनं नानासोंना सरळ विचारलं, "तात्या, त्या ओंडक्यांवर शिक्का कुणी मारला?" नानासो गोठ्यात निघून गेले. मी तिच्या कमरेला होतो. मला तोंड असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं.

पुढच्या वर्षी आषाढात चार दिवस पावसानं उसंत दिली नाही. पाचव्या दिवशी सकाळी क्रांती वाडीत चढून आली, तर रंगूबाई ओढ्याच्या काठावर उभी होती.

"बाई, पाऊस एवढा पडतुया आणि वढा गप झालाय," ती म्हणाली. "पाणी कुठं चाललंय मग?"

क्रांतीनं पात्रात पाहिलं. रोजच्या लोंढ्याच्या जागी दगडांमधून बोटभर पाणी झिरपत होतं. वर कुठेतरी माती खचून पाणी अडलं होतं. तिनं सगळ्यांना देवळात गोळा केलं आणि लगेच वाडी सोडायला सांगितलं. पण लोक हलेनात. जंगलखात्याच्या माणसांनी आजवर त्यांना नेहमी हुसकावलंच होतं. लाकूड आणू नका, गुरं सोडू नका, रस्ता करू नका. आज हीही तेच सांगत होती. कुणी म्हणालं, काही झालंच तर रस्ता आहे, गाडी येईल. क्रांती कळवळून सांगत होती आणि लोक एकमेकांकडे बघत होते.

मग नानासो उठले. त्यांनी क्रांतीच्या कमरेवरून मला काढून घेतलं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं.

"वरची झाडं ह्याच्या शिक्क्यानं गेली," ते म्हणाले. "आणि ह्यो मी दिला हुता. रस्त्यासाठी. कुणाला सांगितलं न्हाई. आता त्या डोंगराला धरून ठिवायला वर काय ऱ्हायलं न्हाई, आन रस्त्यानं त्याचा पायच कापलाय. ही पोरगी खरं बोलतीया. चला. रस्त्यानं न्हाई, पलीकडच्या जुन्या वाटंनं."

त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याकडे बघतच राहिला. मग पहिल्यांदा तोच उठला.

त्रेसष्ट माणसं पलीकडच्या डोंगराच्या धारेवर चढली. मोजताना हरणाबाई नाही, हे लक्षात आलं. ती म्हातारी एकटी शेवटच्या घरात राहायची आणि तिला ऐकू कमी येई. तिला निरोपच पोचला नव्हता. क्रांती निघाली होती, तिला नानासोंनी हातानं मागे सारलं. मला तिच्या हातात दिलं. "तू ऱ्हा. ह्यांना फुडं ने," म्हणाले आणि उतरत गेले.

दुपारचा एक वाजायचा होता. आधी पायांखाली जमीन गुरगुरली. मग वरचा सगळा उतार, तो हिरवा फलक तसाच उभा धरून, हळू सरकू लागला. हळू म्हणजे एक श्वासभर. नंतर डोळ्यांना काही कळलं नाही. रस्ता गेला, देऊळ गेलं, सोळाच्या सोळा घरं गेली. माती थांबली तेव्हा इतकी शांतता झाली की धारेवरच्या लोकांच्या कपड्यांतून गळणारं पाणी ऐकू येत होतं. नानासो आणि हरणाबाई तिसऱ्या दिवशी सापडले. हरणाबाई त्यांच्या पाठीवर होती.

वर्तमानपत्रांनी नानासोंना देवमाणूस म्हटलं. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या वाडीकरांनी त्यांचा फोटो लावला. क्रांतीनं मात्र त्याच आठवड्यात पुन्हा तक्रार दिली आणि मला पोलिसांच्या हवाली केलं. वर्ष सव्वा वर्षानं खटला उभा राहिला. मला कापडात गुंडाळून, लाखेची मोहोर लावून न्यायालयाच्या टेबलावर ठेवलं होतं. वीरधवलच्या वकिलानं सांगितलं, की माझ्या अशिलानं शिक्क्याचं लाकूड नेलं, शिक्का कसा बसला ते त्याला काय ठाऊक? नानासो हयात नाहीत. देवळातलं बोलणं भेदरलेल्या लोकांनी ऐकलेलं. हातोडा त्यांनी दिला, हे पाहणारा साक्षीदार कोण?

रंगूबाईला पुकारलं. तिच्या नवऱ्याचं नाव आता लोक हात जोडून घेत होते. एक शब्द न बोलता ती परत जाऊ शकली असती.

"मी बघितलंय," ती म्हणाली. "ओसरीवर बसलं हुतं दोघं. ह्या ठेकेदारानं हातोडा मागितला आणि माझ्या मालकांनी दिला. चुकलं त्येंचं. पर एकट्याचं न्हाई."

निकाल अजून लागलेला नाही, मित्रांनो. वीरधवल जामिनावर बाहेर आहे. त्या दिवशी साक्ष झाल्यावर रंगूबाई आणि क्रांती माझ्या शेजारीच, बाकावर बसल्या होत्या. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका वाडीत वीरधवलनं रस्ता काढून द्यायचं कबूल केलंय, असं रंगूबाई सांगत होती. ती स्वतः एसटीनं आणि पुढे पायी तिथं जाऊन आली होती, त्यांना सावध करायला.

"काय म्हणाले ते, मावशी?" क्रांतीनं विचारलं.

"बसा म्हणाली, च्या दिला. सगळं ऐकून घेतलं." रंगूबाईनं पदर सारखा केला. "एक बाई पोटुशी हुती. ती म्हणली, मावशी, तुमचं खरं हाय, पर आमाला रस्ता तर पायजेच की."

"मग?"

"मग काय. पायजेच हाय तिला."

आता माझी अक्षरं कापडात बंद आहेत. आमच्या कार्यालयात नवा हातोडा आला आहे, असं शिपाई बोलत होते. त्याची अक्षरं माझ्यापेक्षा सुबक आहेत म्हणे. मित्रांनो, तुम्ही मोठे झाल्यावर कुणी रस्ते मंजूर कराल, कुणी जंगल राखाल, कुणी नुसती सही कराल. शिक्का लाकडावर सुलटाच उमटतो, कुणाच्याही हातून मारला तरी. तेव्हा कागदावर विसंबू नका. स्वतः डोंगर चढा, बुंध्यापाशी बसा, हातानं माती बाजूला करा. आणि त्या पोटुशी बाईला तिचा रस्ता अशा तऱ्हेनं द्या की तो मागायला तिला वीरधवलच्या दारात जावं लागू नये. हे लवकर करा. त्या खोऱ्यात करवतीची यंत्रं पोचली आहेत.