सैल झालेला जोड

बूटवाले काका पनवती आहेत, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. देशाच्या तीन राष्ट्राध्यक्षांनी ओळीने त्यांच्याकडून बूट शिवून घेतले आणि तिघेही वर्षाच्या आत गेले. पहिल्या वेळी लोक हळहळले, दुसऱ्या वेळी कुजबुजले, तिसऱ्या वेळी पेपरातच छापून आलं. मग काय, दुकानात चिटपाखरू फिरकेना. काकांनी असा धसका घेतला की स्वतःच्या पायातही ते बाजारातल्या तयार चपला घालू लागले.

अशात एका सकाळी नव्या राष्ट्राध्यक्षबाईच दुकानात हजर. "काका, हल्ली कुठलाच बूट पायात जात नाही हो. मऊ, रुंद जोड शिवून द्या. आणि बोभाटा नको."

काकांनी हात जोडले. "बाई, नको. माझा हात चांगला नाही."

"माप तर घ्या!"

नाइलाजाने काकांनी पायाभोवती टेप आवळली आणि काढली. पायावर खोल खळगा उमटला, तो जाईचना. त्या तिघांच्या पायांवरही असाच राहिला होता. काकांना वाटलं होतं, खुर्चीत बसणारी माणसं, पाय मऊच असायचे.

काकू मागून डोकावल्या. "अहो, सासूबाईंच्या पायावर असंच व्हायचं ना? डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकलंय, फार उशिरा आलात."

काकांनी पुन्हा त्या खळग्याकडे पाहिलं. म्हणजे बुटांनी कुणी मेलं नव्हतं! पाय सुजले म्हणूनच ती माणसं त्यांच्याकडे आली होती. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं, आणि लगेच समोरच्या पायांची काळजी लागली.

"बूट शिवतो. पण आधी डॉक्टर."

"बातमी फुटली तर लोक म्हणतील, हिलाही शाप लागला."

"म्हणू देत!" काका खेकसले. कुणावर खेकसलो हे कळल्यावर त्यांनी जीभ चावली. बाई मात्र हसल्या आणि तिथून थेट इस्पितळात गेल्या.

पुढचं वर्षभर काकांनी रोज भीत भीत पेपर उघडला.

आणि एक दिवस बाई दारात उभ्या. "काका, तुमचे बूट फारच सैल झाले हो. चालताना निघून येतात. नवे शिवा!"

काकांनी टेप आवळली, काढली. पायावर साधी रेघही राहिली नाही.

संध्याकाळी काकू दुकानात आल्या, तर बाजारच्या चपला कोपऱ्यात पडलेल्या आणि काका वाकून स्वतःच्याच पायाचं माप घेत होते.