शुक्रवारच्या बाई

विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीच्या दाराशी मार्शलनं आईची पिशवी तपासली, छत्री काढून घेतली आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. बोलू नये, टाळ्या वाजवू नयेत, हातवारे करू नयेत.

बाईंनी ते सगळं आईला हातांनी सांगितलं. जन्मापासून बहिरी असलेल्या आईनं पाटीकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि तिची बोटं चालू लागली.

"आवाज करायचा नाही म्हणे. आयुष्यभर मी दुसरं काय केलं?"

"हातही हलवायचे नाहीत, आई."

"म्हणजे तोंडच बांधलं म्हण की."

आई पुढच्या रांगेत कठड्यापाशी जाऊन बसली आणि दोन्ही हात मांडीवर एकमेकांत अडकवून ठेवले. म्हातारी मोठी शिस्तीची दिसते, असं मार्शलला वाटलं असावं. त्यानं तिला पंख्याखालची जागा दिली.

बाई खाली सभागृहात आल्या तेव्हा निम्म्याहून अधिक बाकं रिकामी होती. शुक्रवारची दुपार अशीच असायची. मंत्री सोडून बाकीच्या सदस्यांनी आणलेली विधेयकं त्या दुपारी चर्चेला यायची, आणि त्यांची एक रीत ठरून गेली होती. सदस्यानं पोटतिडकीनं बोलायचं. मंत्र्यानं कौतुक करायचं आणि म्हणायचं, सरकार लवकरच याहून मोठा कायदा आणतंय. मग सदस्यानं आभार मानून विधेयक मागे घ्यायचं. मतदानापर्यंत गोष्ट कधी जायचीच नाही, त्यामुळे सत्ताधारी बाजूची मंडळी जेवण झालं की बॅगा उचलून आपापल्या गावची वाट धरायची.

थांबायच्या त्या फक्त बाई. स्वतःचं विधेयक असो की दुसऱ्याचं, त्या हजर. घरकामगारांच्या रजेचं, कैद्यांच्या मुलांच्या शाळेचं, नवऱ्यानं टाकलेल्या बायकांच्या पोटगीचं, प्रत्येक विधेयक त्यांनी कलमं पाठ होईपर्यंत वाचलेलं असायचं आणि प्रत्येकावर त्या बोलायच्या. ज्यांच्याशी एरवी त्यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, त्यांच्याही विधेयकांवर. ऐकायला कोण? टिपणं घेणारे दोन लघुलेखक आणि डुलक्या काढणारा एखादा म्हातारा सदस्य. पत्रकारांनी त्यांचं नाव 'शुक्रवारच्या बाई' ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं लागतही होतं.

"आज काय नवं बोलणार?" शेजारी बसलेल्या अण्णांनी विचारलं. अण्णा त्यांच्याच पक्षाचे, केस सभागृहात पिकवलेले. "दोनदा मागे घेतलंत. तिसऱ्यांदा तेच आश्वासन मिळेल, घरी घेऊन जायचं."

"बघू, अण्णा," बाई म्हणाल्या.

त्यांचं नाव पुकारलं गेलं. उठून त्यांनी चष्मा लावला आणि बोलायला सुरुवात केली. एक लाकूड कापायची गिरणी होती, त्या म्हणाल्या. तिथे यंत्राच्या पट्ट्यावर एक जाळी असायची. ती काम अडवते म्हणून मालकानं एका सकाळी काढायला लावली. दुपारी एका कामगाराची बाही पट्ट्यात गेली. त्याची बायको डबा घेऊन आली होती. जाळी काढताना तिनं पाहिलं होतं आणि नवऱ्याला मरतानाही तिनंच पाहिलं.

"ती बाई बहिरी होती, अध्यक्ष महोदय. कोर्टात तिचं बोलणं सांगायला तिच्या दिराला उभं केलं. दीर त्याच गिरणीत नोकरीला. बाईनं हातांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दिरानं ते एका वाक्यात उरकलं. ती म्हणते, तिनं काही पाहिलं नाही."

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. त्या कोर्टात मागच्या बाकावर सात वर्षांची एक मुलगी बसली होती, तिला आईच्या हातांतला शब्द न् शब्द कळत होता. ती उठून ओरडली, काका खोटं बोलतोय. शिपायानं तिला दंडाला धरून बाहेर नेलं. निकालात लिहिलं गेलं की कामगार स्वतःच्या निष्काळजीपणानं मेला. यातलं बाईंनी सभागृहात काहीच सांगितलं नाही, मागच्या दोन्ही वेळीही सांगितलं नव्हतं. रडगाणं गायला आपण इथे आलो नाही, असं त्यांचं मत होतं.

"माझं विधेयक छोटं आहे," त्या म्हणाल्या. "कलम तीन. बहिऱ्या माणसाचं म्हणणं प्रशिक्षित दुभाष्यानंच सांगावं, नातेवाइकानं सांगितलेलं चालणार नाही. कलम चार. दुभाषी येईपर्यंत न्यायालयानं थांबावं. बस, एवढंच."

कायदामंत्री उठले. माणूस हसतमुख, बोलायला गोड. बाईंच्या तळमळीला त्यांनी मनापासून दाद दिली आणि मग हात पसरले.

"पण व्यवहारही बघायला हवा. एकेका साक्षीदारासाठी न्यायालयं अशी थांबून राहिली, तर कामं व्हायची कधी? सरकार या विषयावर सर्वंकष कायदा आणणारच आहे. माझी विनंती आहे, सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं."

बोलून त्यांनी फाइल मिटली, पेनाला टोपण लावलं आणि खाली बसता बसता घड्याळात पाहिलं.

अध्यक्षांनी समोरच्या कागदावरून नजर न उचलता विचारलं, "सन्माननीय सदस्य विधेयक मागे घेत आहेत?"

बाईंनी वर गॅलरीकडे पाहिलं. आई तशीच बसली होती, हात मांडीवर. त्या हातांनी तेव्हा एवढं सांगितलं होतं आणि ते सगळं मातीत गेलं होतं. आज हे पडलं तर पुन्हा आणता येणार नव्हतं, कारण पुढच्या वर्षी निवडणूक होती आणि पक्षानं त्यांचं तिकीट कापायचं जवळपास ठरवलं होतं.

"नाही, अध्यक्ष महोदय. मतदान घ्यावं."

अध्यक्षांनी नजर उचलली. मंत्र्यांनी टोपण लावलेलं पेन उगीचच पुन्हा उघडलं. सत्ताधारी पक्षाचा प्रतोद, ज्याचं काम मतदानाला माणसं गोळा करायचं, तो ताडकन उठून फोन कानाला लावत दाराकडे धावला.

"अहो, हे काय करताय?" अण्णा कुजबुजले. "आपली माणसं तरी कुठं आहेत इथं?"

"चहा पिताहेत," बाई म्हणाल्या.

मतदानाची घंटा वाजू लागली, आणि उपाहारगृहाकडचं दार उघडलं. घरकामगारांचं विधेयक आणणारे काळ्या कोटातले वकील सदस्य आत आले. त्यांच्यामागून कैद्यांच्या मुलांचं विधेयक आणणारी तरुण सदस्य, दुसऱ्या पक्षाची, हातात अर्धवट खाल्लेलं बिस्किट तसंच घेऊन. मग ग्रंथालयाकडच्या दारानं आणखी काही. लॉबीतून काही. पोटगीचं विधेयक मांडणारे तर सत्ताधारी बाकांवरचेच होते, ते मंत्र्यांची नजर चुकवत आपल्या जागेवर जाऊन बसले. गेल्या काही वर्षांत ज्यानं ज्यानं शुक्रवारी रिकाम्या बाकांपुढे भाषण केलं होतं आणि नंतर आपल्या बाजूनं बोलणारा एकच आवाज ऐकला होता, तो आला होता. बाईंनी एकेकाला गाठून एवढंच म्हटलं होतं, या शुक्रवारी गावी जाऊ नका. का, असं कुणीच विचारलं नव्हतं.

प्रतोद फोनवर कुणाला तरी गाडी वळवायला सांगत होता. दारं बंद झाली. तो बाहेरच राहिला.

मोजणी दोनदा झाली, कारण पहिल्या मोजणीवर सचिवांचा स्वतःचाच विश्वास बसेना. अध्यक्षांनी चिठ्ठी हातात घेतली. हा माणूस नियमाचा पक्का, चेहऱ्यावरची माशी हलू न देणारा. त्याच कोरड्या आवाजात ते म्हणाले, "विधेयक तीन मतांनी मंजूर झालं आहे."

बाकं वाजायला लागली. अण्णा तर असे वाजवत होते की त्यांचा चष्मा खाली पडला. बाईंनी आनंदानं डोळे मिटले आणि उघडले, तेव्हा सगळे वर बघत होते.

गॅलरीत आई उभी होती. तिचे हात सुटले होते. मोठमोठे, ठाशीव हातवारे करत ती बोलत होती. कडेनं मार्शल तिच्याकडे निघाला होता.

"मार्शल, थांबा," अध्यक्ष म्हणाले. मग बाईंकडे वळून, "त्या काहीतरी सांगताहेत. आपल्याला ही भाषा येते ना? काय म्हणताहेत त्या?"

बाईंना एकेक खूण कळत होती. कोर्टात केल्या होत्या त्याच खुणा होत्या, त्याच क्रमानं. सकाळ. मालक. जाळी. बाईंनी समोरच्या विधेयकाच्या प्रतीवर हात ठेवला.

"अध्यक्ष महोदय, गिरणीतली ती बाई म्हणजे याच. त्या माझी आई आहेत," त्या म्हणाल्या. "त्यामुळे मी सांगितलेलं चालणार नाही. कलम तीन."

मंत्र्यांनी मान खाली घातली. अध्यक्षांनी विधेयकाची प्रत उचलली, पान उलटलं, कलम तीन वाचलं आणि त्याच्याखालचं चारही वाचलं.

"कायदा अजून लागू व्हायचाय," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

"सभागृहाला तो आत्ताच पटलाय," अध्यक्ष म्हणाले आणि सचिवांकडे वळले. "आपल्याकडे प्रशिक्षित दुभाषी आहे का?"

"नाही, साहेब. बहिऱ्यांच्या शाळेतून बोलवावा लागेल. यायला वेळ लागेल."

"बोलवा. सभागृह थांबेल."

कुणी उठलं नाही. मंत्र्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. वरून आईनं विचारलं, काय झालं? का थांबले सगळे?

बाई उठल्या आणि भर सभागृहात हात वर करून त्यांनी तिला सांगितलं, "तुझ्यासाठी."

आईनं खालच्या सगळ्यांवरून एकदा सावकाश नजर फिरवली. मग ती खाली बसली, एकेक करून दहाही बोटं मोकळी केली आणि वाट बघू लागली.