सत्तेचाळिसाव्या पानाचा गुन्हा

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे आणि मी चौदा वर्षं चुकीचं शिकवत होतो. बसला ना धक्का? मला बसला तेव्हा तर माझी शिवण उसवायचीच बाकी राहिली होती!

माझ्या मुखपृष्ठावर 'संगणकाची भाषा : अगदी नवख्यांसाठी' असं लिहिलंय आणि एक हसरी गोगलगाय आहे. छापखान्यात मला घड्या घातल्या, शिवलं, गरम गोंद लावला. सगळं झाल्यावर कुणीतरी एक इवलीशी पांढरी चिठ्ठी माझ्या शेवटच्या पानाशी सारली. कसली चिठ्ठी, ते मला दिसलं नाही. आपलं शेवटचं पान आपल्याला कुठे दिसतं? तुम्हाला तरी तुमची पाठ दिसते का?

मग मी एका वाचनालयात आलो. ग्रंथपाल बाई भारी टापटिपीच्या. प्रत्येक नव्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्या तारखांचा कागद चिकटवत. त्या दिवशी साठ पुस्तकं आली होती. बाई घाईत होत्या. त्यांनी माझ्या पाठीशी मनसोक्त खळ फासली, कागद दाबला आणि मला फळीवर उभं केलं. खूप गुदगुल्या झाल्या, एवढंच आठवतं.

फळीवर माझ्या डावीकडे अकराशे पानांचा जाडोबा होता आणि उजवीकडे 'आठ दिवसांत तरबेज' नावाचं चकचकीत. लोक पुस्तक कसं निवडतात, ते मी तिथे पाहिलं. "घ्यायचंच तर भरघोस घे," असं म्हणत वडील मंडळी जाडोबाला उचलत. तो परत यायचा तेव्हा पहिली बारा पानं मळलेली आणि बाकी सगळी कोरी करकरीत! एका पठ्ठ्याने तर त्याच्यावर उभं राहून माळ्यावरचा चेंडू काढला. आणि चकचकीत? ते आठ दिवसांसाठी जायचं आणि दुसऱ्याच दिवशी हजर व्हायचं.

मला मात्र लोक खरंच वाचत. हसत हसत वाचत. आणि सत्तेचाळिसाव्या पानावर आले की कपाळाला आठ्या घालत, ते पान पुन्हा पुन्हा वाचत आणि मला परत करत. सगळेच्या सगळे! एकही त्याच्यापुढे गेला नाही.

मी काय समजलो माहितेय? "आजकालच्या पोरांना चिकाटी म्हणून नाही!" असं मी जाडोबाला ऐटीत सांगायचो. ते आठवलं की अजून माझी पानं गार पडतात.

त्यांच्यातच कानामागे पेन्सिल खोचलेला एक उंच, हडकुळा मुलगा होता. त्याने मला एकदा नेलं, दोनदा नेलं, तीनदा नेलं. तिसऱ्या वेळी त्याने सत्तेचाळिसाव्या पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं, 'मी ढ आहे.' मग तो कधी आलाच नाही. मी म्हटलं, असेल बुवा.

पाच वर्षांनी भिंगरी आली. नववीतली, एका जागी न ठरणारी, म्हणून घरचे तिला भिंगरी म्हणत. तिच्या शाळेत संगणक मंडळ निघालं होतं. ज्याला आत यायचं असेल त्याने पंधरा दिवसांत स्वतः लिहिलेला, चालणारा प्रोग्रॅम आणायचा, अशी अट होती. तिला ओ की ठो येत नव्हतं आणि एका कार्डावर एकच पुस्तक मिळे.

तिने आम्हा तिघांना खाली घेतलं आणि फरशीवर मांडी ठोकून बसली. प्रत्येकाचं दहावं पान उघडायची, वाचायची आणि डोळे मिटून 'काय कळलं?' ते स्वतःला सांगायची. जाडोबाच्या वेळी तिला जांभई आली. चकचकीतच्या वेळी ती पुटपुटली, "वाचलं खूप, कळलं शून्य." आणि माझ्या वेळी डोळे मिटून ती घडाघडा बोलतच सुटली!

"अगं, ते मळकं काय घेतेस?" बाई म्हणाल्या.

"बाई, हे माझ्याशी बोलतं!"

घरी तिचा दादा रंगाच्या दुकानातून आला. तो तिथे रंग कालवायचा, त्याची नखं निळी होती. मला पाहून तो दारातच थबकला.

"हे कुठून आणलंस?"

"वाचनालयातून. का रे?"

"परत दे. आपल्या घरात तेवढं डोकं नाही गं."

"तुझ्या डोक्यावरून माझं मोजू नकोस हं!" भिंगरी म्हणाली आणि चौथ्या दिवशी सत्तेचाळिसाव्या पानावर पोचली. तिथे एक ते दहा आकडे दाखवणारा पाच ओळींचा प्रोग्रॅम आहे. तिने तो घरच्या जुन्या संगणकावर जसाच्या तसा लिहिला आणि चालवला. पडद्यावर एक. एक. एक. एक. थांबेचना!

तिचे डोळे भरून आले. ती पुन्हा पानाकडे वळली आणि तिला कडेचं वाक्य दिसलं. मित्रांनो, ती दगडासारखी झाली. हे अक्षर तिच्या प्रत्येक वहीवर होतं. पहिलीपासून तिच्या वह्यांवर नाव दादाच घालायचा.

"दादा, हे तू लिहिलंस?"

तो नखांवरचा रंग खरवडू लागला. "तीनदा बसलो होतो. तीनदा नुसतं एक एक एक. मग समजलो आपली लायकी."

"पुन्हा बस. संगणक नको, तूच संगणक हो. मी ओळी वाचते."

"काहीतरीच!"

"बस म्हणते ना!"

तो बसला. भिंगरीने त्याच्यापुढे रंगाचा रिकामा डबा ठेवला. "ओळ एक. डब्यात एक ठेव." त्याने एक सुटं बटण टाकलं. "ओळ दोन. दहाहून जास्त झाले तर थांब."

"नाही झाले."

"तीन. डब्यात किती ते सांग."

"एक."

"चार. दुसऱ्या ओळीवर परत जा. दहाहून जास्त झाले?"

"कुठून होणार?"

"डब्यात किती?"

"एकच! अगं, काही टाकल्याशिवाय परत पाठवतेस कशाला?" दादा वैतागला. "दुकानात मी रंग न ओतताच डबा ढवळत बसलो, तर गिऱ्हाईकाला जन्मभर पांढराच..."

तो थांबला. दोघांनी एकदम माझ्यावर झडप घातली. पाचवी ओळ होती, 'डब्यात एक मिळव.' तिच्यापर्यंत कुणी पोचतच नव्हतं! चौथी आणि पाचवी ओळ उलटसुलट छापली होती. भिंगरीने ओळी फिरवल्या. पडद्यावर एक, दोन, तीन... दहा. आणि थांबलं!

मी? मी सुन्न. नवख्यांचं पुस्तक नवखेच वाचतात. चूक ओळखण्याइतकं ज्याला येतं, तो मला हात कशाला लावेल? म्हणजे मी चौदा वर्षं फक्त अशांनाच फसवलं, ज्यांना मी फसवतोय हे कळणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं मला घेऊन वाचनालयात गेले.

"छापलेलं कधी चुकतं होय?" बाई हसल्या. माझा तारखांचा कागद भरला होता, म्हणून बोलता बोलता त्या ओल्या फडक्याने तो सोडवू लागल्या. कागद निघाला आणि खालून ती इवलीशी पांढरी चिठ्ठी वर आली.

'शुद्धिपत्र. पान ४७ : चौथ्या व पाचव्या ओळींची अदलाबदल झाली आहे. क्षमस्व.'

बाई मटकन स्टुलावर बसल्या. "मीच चिकटवला गं कागद... माझ्याच हाताने." त्यांच्या हातातल्या कागदावर दादाच्या तीन तारखा होत्या. उत्तर त्या तारखांच्या बरोब्बर खाली होतं, मित्रांनो! एका कागदाच्या अंतरावर!

भिंगरी आता संगणक मंडळात आहे. तिचा प्रोग्रॅम रंगांची मापं सांगतो. मापं दादाची, ओळी तिच्या.

मित्रांनो, पुस्तक घेताना त्याची जाडी, चकाकी पाहू नका. एक पान वाचा आणि डोळे मिटून कळतंय का ते बघा. शुद्धिपत्र असेल तर ते जपा. आणि कुठे अडलात, तर स्वतःला नावं ठेवण्याआधी एकदा पुस्तकावरही संशय घ्या. आम्हाला राग येत नाही. खरंच.

चिठ्ठी सापडली त्याच दिवशी दादाने नवं कार्ड काढलं आणि पहिलं मलाच नेलं. बाईंच्या परवानगीने त्याने खोडरबर घेतलं. मला वाटलं, तो ते वाक्य पुसेल. पण त्याने फक्त 'मी' पुसलं आणि तिथे दोन शब्द लिहिले. आता माझ्या सत्तेचाळिसाव्या पानावर लिहिलंय, 'हे पान ढ आहे.'

आणि तो अठ्ठेचाळिसाव्या पानावर गेला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच त्या पानाला कुणाचं तरी बोट लागलं.